उत्तरासाठी जागा

उद्याची सकाळ आज दुपारी उरकायची, हे ताईच्या अंगवळणी पडायला बरेच दिवस गेले.

पूर्वी ती पहाटे घर सोडायची. स्टुडिओत शिरायची, खुर्ची आपल्या उंचीची करून घ्यायची, घोटभर कोमट पाणी प्यायची आणि लाल दिवा लागला की गावाला उठवायची. दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्याला तिथे लिंक म्हणतात. पुलावरची कोंडी, बंद पडलेला नळ, कुणाचं हरवलेलं कुत्रं, शाळा भरणार की नाही, सगळं त्या लिंकमध्ये मावायचं. फोन वाजत राहायचे. गावात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. काही घरांत दूध ताईच्या आवाजावर तापायचं. दुसरं गाणं संपून ती बोलायला लागली की गॅस बारीक करायचा.

मग स्टेशन विकलं गेलं. नव्या मालकांकडे अशी बरीच स्टेशनं होती आणि माणसं बाळगायची हौस नव्हती. संध्याकाळी खेळांच्या गप्पा मारणारे काका घरी बसले. रात्री जुनी गाणी लावणाऱ्या बाई गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. ताईला ठेवलं, पण सांगितलं, सकाळी यायचं कारण नाही, दुपारी या. कॉम्प्युटर एका गाण्याची शेपटी ऐकवेल, दुसऱ्याचं तोंड ऐकवेल, मधे तुम्ही बोला. गाणी पुरी ऐकत बसायला नको. अख्खी सकाळ तासाभरात हातावेगळी. उरलेल्या वेळात आणखी चार गावांच्या सकाळी.

ती गावं ताईनं पाहिली नव्हती.

"आपल्या पुलावर धुकं असेल, गाडी बेतानं चालवा," ती माइकवर म्हणायची आणि मग काचेपलीकडे विचारायची, "पूल आहे ना रे त्या गावात?"

"गाव आहे म्हणजे पूल असणारच," इंजिनिअर म्हणायचा. "नसला तर बांधतील. तू बोललीस ना."

इंजिनिअर हा स्टेशनात उरलेला दुसरा माणूस. ताईच्याच वयाचा, पोट सुटलेला, चष्मा कायम कपाळावर. पूर्वी त्याच्या हाताखाली माणसं होती. आता ट्रान्समीटरही तोच सांभाळायचा आणि केरही तोच काढायचा.

"फायदा बघ," तो एकदा म्हणाला. "उद्या पहाटे तू गचकलीस तरी सकाळी बोलशील."

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"म्हणून तर मला कुणी माइकसमोर बसवलं नाही."

त्याची एकच तक्रार होती. ताई जागा सोडायची.

ही तिची जुनी खोड. प्रश्न विचारला की ती थांबायची. "झाला का चहा?" म्हणायचं आणि कुणीतरी खरोखर उत्तर देतंय एवढा वेळ गप्प राहायचं. मग पुढे. थेट बोलायच्या काळात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लोक ओट्यापाशी, दाढी करताना, बसची वाट बघताना उत्तर देतात अशी तिची खात्री होती, आणि ती खात्री पक्की करणारे फोनही यायचे. पण रेकॉर्डिंगमध्ये गप्प बसणं म्हणजे कापडाला भोक. कॉम्प्युटरला अशी भोकं बुजवायला शिकवलं होतं. जिथे आवाज नाही तेवढा तुकडा तो कापायचा आणि दोन्ही टोकं जोडून टाकायचा.

ताईच्या जागा मात्र तो कापत नव्हता.

"तू गप्प असतेस तेव्हा नेमकं काय करतेस?" इंजिनिअरनं विचारलं.

"ऐकते."

"कुणाचं?"

"समोरच्याचं."

"समोर मी आहे. आणि मी तोंड शिवून बसलोय." त्यानं पडद्यावरची रेघ दाखवली. बोलण्याच्या ठिकाणी डोंगर, न बोलण्याच्या ठिकाणी सपाटी यायला हवी. ताईच्या जागांत सपाटी नव्हती. अगदी बारीक कंप होता, शेजारच्या खोलीत कुणीतरी वावरत असल्यासारखा. "पंख्याचा असेल," तो म्हणाला आणि त्यानं पंखा बंद केला.

रेघ तशीच राहिली.

*

लिंक.

"मंडळी, उठलात का?

(                    )

बरं. दूध तापत ठेवा. मी एक गाणं ऐकवते, तेवढ्यात तोंड धुऊन या."

*

सकाळी येऊ नका म्हटल्यावर ताईला अपमान वाटला होता आणि त्याच्या पाठोपाठ हायसंही वाटलं होतं. कारण घरी आई होती.

आईला झटका येऊन गेला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा गेली. गेली असं नाही म्हणता येणार, डॉक्टर म्हणाले, यंत्रणा शाबूत आहे; पुन्हा कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. बोलत राहा त्यांच्याशी. ताई बोलत राहिली. दिवसभरासाठी ठेवलेली सिस्टर बोलत राहिली. आई खिडकीकडे तोंड करून बसायची आणि चमचा जवळ आला की ओठ मिटायची.

आणि ही तीच आई, जिच्या तोंडाला कधी कुलूप म्हणून माहीत नव्हतं. संध्याकाळी ताई घरात पाऊल टाकते न टाकते तोच सकाळच्या कार्यक्रमाची झडती सुरू व्हायची. "आज फार हसलीस. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात." "ते कसलं गाणं लावलंस, उठलेला माणूस परत आडवा होईल." ताईनं रेडिओवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती घरातून उत्तर द्यायची, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. मायलेकींच्या सगळ्या सकाळी अशाच गेल्या होत्या. एक तिकडे, एक इकडे, मधे रेडिओ.

आता सकाळ मोकळी झाली होती. आईच्या तोंडून आपल्यासाठी एक शब्द ऐकायचा, एवढंच ताईला हवं होतं. "ठमे" म्हणाली तरी पुष्कळ. लहानपणी ताई ठेंगणी आणि गुबगुबीत होती, तेव्हापासून हे नाव. ते फक्त आईच्या तोंडात होतं. आईनं तोंड मिटलं आणि ते आत राहून गेलं.

एका सकाळी ताई अंडी उकडत होती. बाहेरच्या खोलीत सिस्टरनं रेडिओ लावला होता. गाणं विरलं आणि ताईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. स्वतःचा आवाज स्वयंपाकघरातून ऐकायची तिला अजून सवय नव्हती. कुणीतरी आपला कोट घालून समोरून जावं तसं व्हायचं.

लिंक.

"झाला का चहा?

(झाला.)

मग आता लागा कामाला."

ताई ओली बोटं तशीच घेऊन बाहेर आली. सिस्टर दोन्ही गालांवर हात ठेवून उभी होती.

"ताई, आजी बोलल्या."

"ऐकलं मी." ताई आईच्या पायाशी बसली. "आई, काय म्हणालीस? परत म्हण ना."

आई खिडकीबाहेर बघत होती.

"आई, झाला का चहा?"

नुसती नजर वळली, थोडी. बसमध्ये अंगावर रेललेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी. मग परत खिडकीकडे.

डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. "वर्षानुवर्षांची वाट आहे ती. पाय आपोआप वळतात. वापर करून घ्या."

ताईनं वापर करून घ्यायचं ठरवलं.

*

गावाच्या सकाळच्या कार्यक्रमात आता प्रश्नच प्रश्न झाले. रात्री झोप लागली का? सांधे धरलेत का? तोंडाला चव आहे का? प्रत्येक प्रश्नापुढे ताई ऐसपैस जागा सोडायची.

"हा सकाळचा कार्यक्रम आहे की दवाखाना?" इंजिनिअरनं विचारलं.

"लोकांना आवडतंय की."

"लोकांचं काय. कुणीतरी विचारतंय एवढ्यावर खूश असतात."

दुसऱ्या दिवशी ताई घरी आईसमोर वाटी घेऊन बसायची. रेडिओवरची ताई विचारायची, आई उत्तर द्यायची. (लागली.) (थोडी.) (नको.) (बरं.) रेडिओवरची ताई म्हणायची, "चला, दोन घास खाऊन घ्या," आणि आई तोंड उघडायची. त्या क्षणी चमचा आत गेला पाहिजे. एक गाणंभर वाट बघायची, की पुढचा घास.

"दोघी मिळून पोसताय तुम्ही आजींना," सिस्टर म्हणाली.

"दोघी कोण?"

"एक तुम्ही आणि एक तुम्ही."

ताई हसली. पण दुपारी माइकसमोर बसताना तिला पहिल्यांदाच हेवा वाटला, आणि नेमका कुणाचा ते ठरवता येईना.

एकदा तिनं एक करून पाहिलं. रेडिओ बंद केला, आपण दाराआड उभी राहिली आणि रेडिओवर लावायची ती पट्टी लावून म्हणाली, "लागली का भूक?" आईनं रेडिओकडे मान वळवली. वाट पाहिली. मग कपाळाला आठी घालून तोंड फिरवलं, खोटं नाणं हातात आल्यासारखी.

*

लिंक.

"सांधे दुखतायत का?

(हा एक दुखतो.)

कुठला, डावा?

(डावा.)

शेक घे. सिस्टरला म्हणावं, पिशवीत गरम पाणी भरून दे."

सिस्टर लगबगीनं पिशवी आणायला निघाली. दारात थबकली.

"ताई, तुम्ही माझं नाव घेतलंत रेडिओवर?"

ताईनं घेतलं नव्हतं. बहुतेक नव्हतं. रोज पाच गावांच्या सकाळी बोलणारं माणूस कुठे काय बोललं ते मनात धरून ठेवत नाही. आई मनात असते, बोलता बोलता तोंडातून गेलं असेल. आणि डाव्या गुडघ्याचं तर तिला माहीतच होतं.

"घेतलं असेल," ती म्हणाली. "जा, आण."

दुपारी स्टेशनात गेल्यावर तिनं पर्स खाली ठेवायच्या आधी विचारलं, "सकाळची सांध्यांची लिंक आहे का? लाव बरं."

इंजिनिअरनं लावली.

"सांधे दुखतायत का? (                    ) गारठा वाढलाय, अंगभर घालून बाहेर पडा. पुलावर धुकं असेल."

"ही मी भरलेली. हवेत काय गेलं ते ऐकव."

हवेत जाणारं सगळं स्टेशनात आपोआप साठत असे. त्यानं तेही लावलं. सांधे, जागा, गारठा, धुकं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"काय झालं?"

"काही नाही."

"तुझं तोंड काही नाही म्हणत नाहीये."

"घरी वेगळं ऐकू आलं."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "कुणाला? तुला एकटीला?"

"तिघींना."

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत वर सरकवला. "ताई, ट्रान्समीटर एकच आहे. एकच लहर जाते. घरोघरी वेगळी पाठवायची सोय माझ्याकडे नाही."

"मला कळतं रे ते."

"मग माझं एक ऐक. जागा सोडू नकोस. सलग बोल. विचारूच नकोस कुणाला काही."

त्या दुपारी ताई सलग बोलली. प्रश्न नाही, थांबणं नाही. एका दमात गावाला उठवलं, आंघोळीला पाठवलं, कामावर धाडलं. पडद्यावर डोंगरच डोंगर उमटले, मधे बोट घालायला फट नव्हती. इंजिनिअरनं काचेपलीकडून मान डोलावली.

*

लिंक.

"आई, उठलीस?

(उठले गं, ठमे.)

झोप लागली?

(कुठली झोप. ती आली होती उशाशी.)

कोण ती?

(तीच. घरात असते ती. तुझ्यासारखं बोलते.)

बोलू दे.

(मला भीती वाटते तिची.)

घाबरायचं नाही. मी आहे ना."

गाणं सुरू झालं.

ताई ट्रे घेऊन उभी होती. दुधाच्या पेल्यावर साय धरत होती. आईचा चेहरा रेडिओकडे होता आणि त्यावर इतक्या महिन्यांत न दिसलेलं हसू होतं, अगदी थोडं, डाव्या कोपऱ्यात.

सिस्टर हळूच म्हणाली, "किती गोड बोललात."

ताईनं ट्रे खाली ठेवला. भिंतीपाशी जाऊन रेडिओची वायर उपटली.

*

रेडिओ बंद, तशी आईही बंद.

पहिल्या दिवशी ताईला वाटलं, हट्ट आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी आईनं पाण्याचा चमचाही परतवला. ताईनं विनवलं, रागावली, गाल दाबून तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःची शरम वाटून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. आई तिच्याकडे बघायची ती अंग चोरून. ओठांची सालं निघाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी घातली की, म्हणजे, तुम्ही समजून घ्या.

"लावा की ताई रेडिओ," सिस्टर म्हणाली. "तुमचाच तर आवाज आहे."

ताईनं वायर परत लावली.

त्यानंतर सकाळी ताई स्वयंपाकघरातच थांबायची. घास सिस्टर भरवायची. ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून ताई ऐकायची. बाहेर तिचाच आवाज विचारत असे आणि थांबत असे, आणि आई भरभरून बोलत असे. ताई जन्मली त्या दिवशी वडील एका पायात चप्पल घालून दवाखान्यापर्यंत पळत आले होते. पाळण्याला दोरी नव्हती, आईनं आपल्या साडीचा काठ फाडून बांधला होता. हे ताईला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं. सकाळी ती तिकडे असायची आणि संध्याकाळी झडती चाललेली असायची. चपलेच्या गोष्टीला बाहेरचा आवाज हसला. ताई हसली असती नेमक्या त्या ठिकाणी, तेवढंच.

मग एक वाक्य आलं.

"(ती अजून आहे का गं घरात?)

आहे.

(कधी जाईल?)

जाईल."

*

"तिला रेडिओवरच बोलायचंय ना," ताई इंजिनिअरला म्हणाली. "मग मी रेडिओवर जाते. उद्या सकाळी. थेट. तू कॉम्प्युटर थांबव, जे जाईल ते माझ्या घशातून जाऊ दे. मग तिथे दुसरं कुणी कसं बोलेल?"

"मालकांना कळलं तर?"

"घरी बसवतील. मी बसलेलीच आहे. आणि घरी बसून तरी काय, ती मला घाबरते."

त्यानं खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "केर सकाळीच काढतो मग," तो म्हणाला. "तू येणार तर."

संध्याकाळी सिस्टर घरी निघाली तेव्हा ताईनं तिला बजावलं, उद्या लवकर ये, रेडिओ आईच्या कानाशी ठेव, आवाज मोठा कर, आणि काहीही झालं तरी बंद करू नकोस. पहाटे ताई घर सोडताना आई झोपेत होती. ताईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. ती जागी असती तर फिरवू दिला नसता.

स्टुडिओ गार होता. तिनं खुर्ची वर घेतली. कोमट पाणी प्यायली. इंजिनिअरनं कॉम्प्युटर थांबवला, काचेपलीकडून बोट वर केलं.

लाल दिवा.

"आई, मी बोलतेय. ठमी.

(                    )

ही भरून ठेवलेली नाही गं. आत्ताची मी.

(                    )

घरात असते ना, ती मीच. तुला घाबरवायला नाही येत. रात्री पांघरूण सरकतं तुझं, ते घालायला येते. तिला एकदा हाक मार. नावानं मार. ती जवळच असते.

(                    )"

ताई ऐकत होती. अंगाचा कान करून ऐकत होती.

इंजिनिअर पडद्याकडे बघत होता. त्यानं तळहात आडवा धरला आणि हवेतून सावकाश सरळ नेला.

सपाट.

पलीकडे कुणी नव्हतं.

तिनं गाणं लावलं. मग पुन्हा विचारलं. पुन्हा गाणं. फोनचा दिवा लुकलुकला, कितीतरी दिवसांनी. ताईनं झडप घालून उचलला. कुणी गृहस्थ होते, बसस्टॉपवरून बोलत होते.

"नेहमीच्या ताई आज नाहीत का?"

"मीच बोलतेय."

"नाही, त्यांच्याच धर्तीवर बोलताय, चांगलं बोलताय," ते सांभाळून घेत म्हणाले. "पण त्या येतील ना उद्या?"

*

सिस्टरनं दार उघडलं. तिच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते, केस विंचरलेले, आरामात दिसत होती.

"काय विसरलात?" तिनं विचारलं.

"विसरले कुठे. आत्ता येतेय."

"आत्ता तर होतात."

ताई दारातच थांबली. "मी पहाटेपासून स्टेशनात होते."

"काहीतरीच तुमचं." सिस्टर हसायला लागली आणि ताईचं तोंड बघून अर्ध्यावर थांबली. "असं काय करताय, ताई. मी आले तेव्हा तुम्ही आजींपाशी बसला होतात. मला म्हणालात, आज रेडिओ लावायचा नाही, आज मी घरी आहे. तुम्हीच काढलीत वायर. आंघोळ घातलीत. वाटीभर खाल्लं आजींनी, माझ्यासमोर. मला काही करूच दिलं नाहीत."

"मी बोलले तुझ्याशी?"

"माझ्याशी कुठे जास्त. आजींशीच. विचारायचात आणि थांबायचात. त्याच बोलत होत्या."

ताईनं तिला बाजूला केलं.

आतली खोली आवरलेली होती. आई उशीला टेकून बसली होती. केस धुतलेले, मधोमध भांग पाडून वेणी घातलेली. गालांवर तकाकी होती. तिच्या गुडघ्याला टेकेल इतक्या जवळ खुर्ची ओढलेली. खुर्चीत कुणी नव्हतं. पलीकडे स्टुलावर रेडिओ होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली.

आई खुर्चीकडे बघून बोलत होती. मोकळेपणानं, हात हलवून, मधूनच हसत. पूर्वी बोलायची तशी.

"आई," ताई म्हणाली. "मी आले."

आई बोलायची थांबली. तिनं मान वळवली. ताई उभी होती तिकडे नाही, स्टुलाकडे. कपाळाला आठी पडली.

"थांब हं, ठमे," ती खुर्चीला म्हणाली. "हिला जरा कमी करते."

तिनं हात लांबवला, चाचपत रेडिओचं बटण शोधलं आणि डावीकडे थोडंसं फिरवलं.

"आई," ताई पुन्हा म्हणाली.

तिचं तिलाही ते नीट ऐकू आलं नाही.